मुंबईतले मुक्त परदेशी वार्ताहर: पार्श्वभूमी

लंडनच्या एका वृत्तसंस्थेने 1866 मध्ये मुंबईत कचेरी थाटली आणि 1870 मध्ये समुद्राखालच्या तारेने शहर थेट लंडनशी जोडलं गेलं. पण परदेशी माध्यमांना बातम्या देणाऱ्या, पगाराऐवजी दर बातमीमागे मानधन घेणाऱ्या मुक्त वार्ताहराचं इथे बस्तान बसलं ते फार उशिरा, आयएसडी, म्हणजे थेट परदेशी फोन लावायची सोय, सहज मिळू लागल्यावर.

1992-93 च्या दंगली आणि 12 मार्च 1993 चे बॉम्बस्फोट हा खरा टप्पा. दिल्लीतला पगारी प्रतिनिधी विमान पकडेपर्यंत परदेशी रेडिओला इथलाच आवाज लागे. टेपवरची मुलाखत पाठवायची तर फोनच्या रिसिव्हरचं झाकण फिरवून काढायचं, आतल्या दोन टोकांना रेकॉर्डरच्या वायरचे चिमटे लावायचे आणि प्ले दाबायचं. निवेदन वाचताना पंखा बंद, खिडक्या बंद, डोक्यावर गोधडी. लंडनचं सकाळी सहाचं बातमीपत्र हिवाळ्यात आपल्याकडे साडेअकराला, म्हणजे ऐन हॉर्नच्या वेळी! रेडिओसाठीचा मिनिटभराचा मजकूर मग वाढवून वृत्तपत्राला द्यायचा. दोन्हीकडचं मिळून घरभाडं सुटे. शेजाऱ्यांना मात्र याचा पत्ता नसे.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री हीच मंडळी आधी बोलली. दोन दिवसांत बाहेरून नावाजलेले चेहरे उतरले आणि यांच्यातल्या अनेकांकडे गाडी, दुभाषी आणि फोन नंबर जुळवण्याचं काम आलं.

वाद पेटला तो 4 मार्च 2021 च्या अधिसूचनेवरून. ओसीआय कार्डधारकांना, म्हणजे भारतीय वंशाच्या किंवा भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी नागरिकांना, पत्रकारितेसाठी विशेष परवाना सक्तीचा झाला. 2005, 2007 आणि 2009 च्या अधिसूचना बाजूला सारून ती काढली होती. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे आणि परदेशी पत्रकाराला परवानगी लागतेच, ही सरकारची बाजू. कायद्याच्या भाषेत ती बिनतोड असेलही. पण इथे लग्न करून, संसार मांडून राहिलेल्यांचं पोट या कार्डावर होतं. पगारी प्रतिनिधीमागे त्याची संस्था उभी असते, वकील असतो, बदलीची सोय असते. मुक्त वार्ताहराने अर्ज करायचा तो स्वतःच्या हिमतीवर, आणि उत्तर येईपर्यंत माइक खाली ठेवून बसायचं. 2024 मध्ये दिल्लीतल्या एका फ्रेंच रेडिओ वार्ताहराला परवाना नाकारला गेला, कारण न सांगता. 13 वर्षांचा मुक्काम आवरून तो परतला. मुंबईतल्यांनी त्यातून काय घ्यायचं ते घेतलं.

भारतीय पासपोर्टवाल्यांना हा परवाना लागत नाही, त्यामुळे वाट उरली ती मुख्यतः त्यांनाच. आता मोबाइलवर ध्वनिमुद्रण होतं, फाइल मिनिटात जाते. मानधन अजूनही बातमीमागेच, आणि बातमी लागली नाही तर बहुतेकदा तेही नाही.