शेपटीकडून आलेले इलेक्ट्रॉन

५ एप्रिल २०१० रोजी ‘गॅलेक्सी १५’ हा दळणवळण उपग्रह जमिनीवरून दिलेल्या आज्ञा ऐकेनासा झाला. त्याचं प्रसारण मात्र चालूच होतं. लोकांनी ‘झाँबीसॅट’ म्हणून त्याचं बारसं केलं. तो पुन्हा ताब्यात यायला डिसेंबर उजाडला. बिघाड झाला तेव्हा तो पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूला होता, तिथली मध्यरात्र नुकतीच टळली होती आणि जोरदार सबस्टॉर्म (पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रातली एक खळबळ) सुरू होतं. साहजिकच संशय या सबस्टॉर्मवर गेला.

सौरवाऱ्यामुळे, म्हणजे सूर्याकडून सतत येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोतामुळे, पृथ्वीचं चुंबकावरण (तिच्या चुंबकीय क्षेत्राचं कवच) सूर्याच्या विरुद्ध बाजूला लांबलचक शेपटीसारखं ताणलं जातं. ताण फार वाढला की शेपटीतल्या चुंबकीय बलरेषा तुटून नव्याने जोडल्या जातात आणि पृथ्वीकडचा भाग सोडलेल्या रबरासारखा आखडतो. हे सबस्टॉर्म. ध्रुवांजवळच्या लोकांना तेव्हा अरोरा, म्हणजे आकाशातला रंगीत ध्रुवीय प्रकाश, नाचताना दिसतो. उपग्रहाच्या वाट्याला येतात ते ऊर्जावान इलेक्ट्रॉन.

ही ऊर्जा येते कुठून? चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनला नुसतं वळवतं, त्याचा वेग वाढवत नाही. पण क्षेत्र बदलू लागलं की विद्युत क्षेत्र तयार होतं (बारावीतला फॅरेडे आठवा) आणि रेटा देतं ते हे. डोनाल्ड कर्स्ट यांनी १९४० साली इलिनॉय विद्यापीठात याच तत्त्वावर बीटाट्रॉन हे इलेक्ट्रॉनांना वेग देणारं यंत्र चालवलं होतं. ढोबळ हिशेब असा: बलरेषेभोवती गरगरणारा इलेक्ट्रॉन १० नॅनोटेस्लाच्या (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) क्षेत्रातून १०० नॅनोटेस्लाच्या क्षेत्रात आला, की त्याची ऊर्जा ५ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टवरून ५० वर जाते.

संगणकावर हे उतरवताना घोडं अडतं ते गिरक्यांपाशी. १०० नॅनोटेस्लात इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे २,८०० गिरक्या घेतो, आणि आपल्याला तर तासाभराची गोष्ट बघायची असते. पण वावटळ कोणत्या शेताकडे चालली हे कळायला पाचोळ्याचा एकेक फेरा मोजावा लागत नाही. तसंच इथेही गिरकीचा मध्यबिंदू तेवढा पुढे सरकवत नेतात. १९९८ मध्ये शिनलिन ली हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेपटीकडून पृथ्वीकडे झेपावणारी एक विद्युतचुंबकीय लाट गृहीत धरली आणि तिच्यात असे इलेक्ट्रॉन सोडले. लाट अगदी साधी, कागदावर एका सूत्रात मावणारी. माझ्या मते तिची गंमत त्या साधेपणातच आहे. तिच्यात एक उणीव आहेच: लाट इलेक्ट्रॉनांना ढकलते, पण इलेक्ट्रॉन उलट लाटेवर काहीच परिणाम करत नाहीत.

असं सिम्युलेशन जमलं की नाही, हे ओळखायची एक नामी खूण आहे. आत घुसलेले इलेक्ट्रॉन पूर्वेकडे सरकत पृथ्वीला फेरी घालतात. दळणवळण उपग्रहांच्या भूस्थिर कक्षेत १०० किलो इलेक्ट्रॉन व्होल्टवाल्याला तास-दीड तास लागतो, जास्त ऊर्जेचे त्याआधी पोहोचतात. म्हणजे मध्यरात्रीपाशी एकदम आदळलेला घोळका पुन्हा त्याच उपग्रहापाशी येतो तेव्हा पांगलेला असतो. पहिला धक्का जुळवणं त्या मानाने सोपं. लीच्या लाटेने हा पांगलेला प्रतिध्वनीही उमटवून दाखवला.