विद्युत् गोंगाट, मोटारीच्या ध्वनिसंचातील

मोटारीच्या विद्युत् मंडलातील अनिष्ट दाब व प्रवाह ध्वनिसंकेतात मिसळल्याने स्पीकरमधून येणारा आवाज. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढत जाणारी शिट्टी हा त्याचा सर्वांत परिचित प्रकार होय. ठिणगीची टिकटिक, इंधनपंपाची घुरघुर आणि संच चालू-बंद करताना येणारा ठोका हे इतर प्रकार आहेत. जोडणी करतानाच काळजी घेणे हा खरा प्रतिबंध असून नंतर फिल्टर लावणे हा दुय्यम उपाय समजावा.

इतिहास : मोटारीत रेडिओ प्रथम कोणी बसवला याविषयी एकमत नाही. अमेरिकेत १९२०–३० या दशकाच्या आरंभीच हौशी मंडळींनी तसे प्रयोग केल्याचे सांगितले जाते. शिकागोच्या गॅल्व्हिन मॅन्युफॅक्चरिंगने १९३० मध्ये आणलेल्या ‘मोटोरोला ५टी७१’ला पुष्कळदा पहिलेपणाचा मान देतात, परंतु त्याआधीही ‘ट्रान्झिटोन’ नावाचे संच विक्रीस होते. म्हणून ५टी७१ला व्यापारी यश मिळालेल्या आरंभीच्या संचांपैकी एक म्हणणे अधिक सुरक्षित आहे. त्या काळात गोंगाटाचे मुख्य उगम प्लगची ठिणगी, डिस्ट्रिब्यूटर आणि डायनॅमोचे ब्रश हे होते. त्यांच्यावर रोधक (रेझिस्टर) व धारित्रे (कपॅसिटर) बसवून उपाय करीत. रेडिओला होणाऱ्या उपद्रवाचा विचार करणारी ‘सिस्पर’ ही आंतरराष्ट्रीय समिती १९३४ मध्ये स्थापन झाली. वाहनात बसविलेल्या ग्राही यंत्रांच्या संरक्षणासाठीचे ‘सिस्पर २५’ हे मानक तिचेच.

आजची शिट्टी मात्र आल्टरनेटरमुळे, म्हणजे इंजिनावर फिरून वीज निर्माण करणाऱ्या यंत्रामुळे, आली, आणि त्याच्या श्रेयाचा वाद अधिक गुंतागुंतीचा आहे. गॅल्व्हिनच्या रेडिओवर काम केलेले एल्मर वेव्हरिंग यांना मोटारीच्या आल्टरनेटरचे जनक म्हणण्याची प्रथा काही लेखनात आढळते. तसे असेल, तर रेडिओ आणि त्याचा शत्रू एकाच माणसाच्या हातून घडले असे होईल. तथापि सेलेनियम एकदिशकारक (प्रवाह एकाच दिशेने वळवणारा भाग) असलेले आल्टरनेटर अवजड व विशेष कामाच्या वाहनांत १९४०–५० या दशकातच आले होते, आणि सर्वसाधारण मोटारीत तो प्रस्थापित होण्याचा टप्पा क्रायस्लरच्या १९६० सालच्या व्हॅलियंटपासून धरतात. सिलिकॉन डायोड स्वस्त झाल्यामुळे हे शक्य झाले. तेव्हा श्रेय एका व्यक्तीपेक्षा या क्रमिक घडामोडींना देणे ग्राह्य वाटते.

शिट्टीची कारणमीमांसा : आल्टरनेटरचा त्रिकला प्रवाह सहा डायोडांमधून एकदिश होतो, पण पूर्ण सपाट होत नाही, प्रत्येक विद्युत् आवर्तनात सहा ऊर्मिका, म्हणजे दाबातील लहान चढउतार, उरतात. प्रचलित १२ ध्रुवांच्या यंत्रात आल्टरनेटरच्या एका फेऱ्याला ३६ ऊर्मिका पडतात. पुलीचे गुणोत्तर २.५ धरले, तर इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असताना त्यांची कंप्रता सु. १,२०० हर्ट्झ व ३,००० फेऱ्यांना सु. ४,५०० हर्ट्झ येते. मानवी कान याच पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. एखादा डायोड निकामी झाला, तर ऊर्मिका मोठ्या होतात व सूर खाली येऊन खरखरीत होतो. हे तपासण्यासाठी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर मोजतात. मर्यादेबाबत ५० मिलिव्होल्टपासून अर्ध्या व्होल्टपर्यंतचे निरनिराळे आकडे दिले जातात. त्याच गाडीचे आधीचे मोजमाप हाती असेल, तर त्याच्याशी तुलना करणे अधिक उपयोगी ठरते.

ऊर्मिका बॅटरीवर असतात म्हणून त्या ऐकू येतातच असे नाही. बहुतेक वेळा त्या अर्थिंगच्या, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी केलेल्या जोडणीच्या, वाटेने शिरतात. हेड युनिटचे (डॅशबोर्डमधील मुख्य संचाचे) अर्थिंग डॅशबोर्डमागे आणि ॲम्प्लिफायरचे डिकीत असते. दोन्ही ठिकाणे पत्र्याने जोडलेली असली, तरी त्या पत्र्यातून दिवे, पंखे व आल्टरनेटर यांचा परतीचा प्रवाह वाहत असल्याने त्यांच्यात काही मिलिव्होल्टांचा फरक राहतो. हेड युनिटकडून ॲम्प्लिफायरकडे संकेत नेणाऱ्या आरसीए केबलचे बाहेरचे वेष्टन हीच दोन ठिकाणे पुन्हा जोडते आणि वेटोळे पूर्ण होते. वेष्टन हे संकेताचेही एक टोक असल्यामुळे तो फरक संकेतात मिळतो. संकेत कमाल २ व्होल्टांचा असेल, तर २ मिलिव्होल्ट हा त्याचा हजारावा भाग, म्हणजे ६० डेसिबल खाली होय. काचा बंद असताना संथ गाण्यात तो जाणवतो.

वायरचा मार्ग : पॉवर वायर एका बाजूने व आरसीए दुसऱ्या बाजूने न्यावी, ओलांडावी लागलीच तर काटकोनात ओलांडावी, हा सर्वत्र सांगितला जाणारा नियम आहे. तो किती महत्त्वाचा यावर कारागिरांत मतभेद आहेत. एका मताप्रमाणे पॉवर वायरीतील प्रवाह एकदिश असल्याने शेजारून नेल्याने काही बिघडत नाही. दुसऱ्या मताप्रमाणे बहुतेक गोंगाट यातूनच येतो. वस्तुस्थिती अशी की ऊर्मिकांचे चुंबकीय क्षेत्र कमी कंप्रतेचे असते व तांब्याचे विणलेले वेष्टन ते अडवत नाही; मात्र ते मुख्यतः वेष्टन आणि पत्रा यांच्या मोठ्या वेटोळ्यातच दाब निर्माण करते. वेटोळे तोडले, तर शेजारची वायर फारशी त्रास देत नाही. म्हणून आधी अर्थिंग, मग मार्ग हा क्रम योग्य ठरतो. इंधनपंप पुष्कळ गाड्यांत मागच्या सीटखाली असतो. आरसीए त्याच्यावरून नेऊ नये. चावी फिरवताच, इंजिन सुरू होण्याआधी एक-दोन सेकंद घुरघुर आली, तर उगम तिथे असण्याचा संभव असतो.

अर्थिंग : ॲम्प्लिफायरची अर्थ वायर पॉवर वायरीच्याच जाडीची व सु. ४५ सेंमी.च्या आत ठेवतात. जागा शक्यतो मूळ सांगाड्याच्या जाड पत्र्यावर असावी; पातळ ब्रॅकेट किंवा सीटबेल्टचा बोल्ट वापरू नये. सीटबेल्टच्या बोल्टला गोंद व लेप असतो आणि तो सुरक्षिततेचा भाग आहे. रंग व प्रायमर चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडून क्रिंप केलेला रिंग टर्मिनल दातेरी वॉशरसह कसावा व वरून ग्रीस किंवा रंग लावावा. कोकण-गोव्याच्या दमट हवेत हे शेवटचे काम टाळले, तर सांधा गंजतो आणि आधी नसलेली शिट्टी नंतर सुरू होते. सांध्याचा रोध साध्या मल्टिमीटरवर ओहममध्ये मोजणे निरर्थक आहे, कारण त्याच्या तारांचाच रोध जास्त असतो. त्याऐवजी मोठ्या आवाजात संगीत चालू ठेवून ॲम्प्लिफायरचे अर्थ टर्मिनल व बॅटरीचे ऋण टोक यांतील दाब मोजावा, तो ०.१ व्होल्टच्या आसपास राहिल्यास जोडणी ठीक समजतात.

पॉवर वायर : ४ गेज, म्हणजे सु. २१ चौ. मिमी. तांब्याच्या ५ मी. वायरीत ६० अँपिअरला सु. ०.२५ व्होल्ट पडतात. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या वायरीत हीच घट सु. ०.४ व्होल्ट होते. स्वस्त किटमध्ये बहुधा हीच वायर असते. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंमी.च्या आत बसवतात. त्याचा गोंगाटाशी संबंध नाही, आगीशी आहे. एक फॅरडचे धारित्र शिट्टी घालवते हा समज चुकीचा आहे.

गेन : हेड युनिटचा आवाज कमी व ॲम्प्लिफायरचा गेन (संकेत किती पटीने वाढवायचा ते ठरवणारी कळ) पूर्ण ठेवल्यास संकेताबरोबर गोंगाटही वाढतो. हेड युनिट सु. तीन-चतुर्थांशावर ठेवून, आवाज फाटू लागेल त्याच्या किंचित खाली गेन ठेवतात. ४ व्होल्टांचे आउटपुट असलेले हेड युनिट २ व्होल्टवाल्यापेक्षा गोंगाटाला ६ डेसिबलने भारी पडते.

शोधक्रम : आरसीए काढण्याआधी संच बंद करावा. काही हेड युनिटांत वेष्टनाच्या अर्थवर बारीक अंतर्गत फ्यूज असतो. चालू संचात केबल ओढल्यास तो उडतो आणि शिट्टी कायमची जडते. ॲम्प्लिफायरकडील आरसीए काढून तिथे शॉर्टिंग प्लग (संकेताची दोन्ही टोके एकत्र जोडणारा प्लग) लावल्यावरही आवाज राहिला, तर दोष ॲम्प्लिफायरच्या पॉवर, अर्थ किंवा स्पीकर वायरीत असतो. आवाज गेला, तर बॅटरीवर चालणारा सुटा प्लेअर ॲम्प्लिफायरला जोडून पाहतात. तोही शांत असल्यास दोष हेड युनिटच्या अर्थमध्ये किंवा केबलच्या मार्गात राहतो. फोन एकाच वेळी चार्जरला व संचाच्या ऑक्स खाचेला जोडल्यावरच शिट्टी येत असेल, तर दोष गाडीत नसून त्या दोन जोडण्यांच्या वेटोळ्यात असतो. ब्लूटूथ वापरल्याने ती थांबते.

कंपनीच्या हेड युनिटला हाय-लो कन्व्हर्टर (स्पीकरचा संकेत कमी करून आरसीएवर देणारे साधन) लावताना स्पीकरची ऋण वायर पत्र्याला जोडू नये. अशा संचात स्पीकरच्या दोन्ही वायरींवर पुरवठ्याच्या निम्मा दाब असतो. पत्र्याला जोडल्यास आउटपुट चिप जळू शकते.

इतर उपाय : आरसीए केबलमध्ये बसवलेला विलगन ट्रान्सफॉर्मर वेटोळे तोडतो, पण स्वस्त ट्रान्सफॉर्मरमध्ये खर्जाचे सूर गळतात, वूफरच्या केबलवर तो टाळतात. चोक (तारेची गुंडाळी) व धारित्र यांचा फिल्टर हेड युनिटच्या १० अँपिअरपर्यंतच्या वायरीपुरता योग्य असतो. प्रकाशतंतूवर संकेत नेल्यास वेटोळे मुळातच बनत नाही; बीएमडब्ल्यूच्या २००१ सालच्या ७ सिरीजपासून ही ‘मोस्ट’ पद्धत मोटारींत आली.

रेडिओतील खरखर हा वेगळा विषय आहे. पेट्रोल गाडीत रोधक असलेले, सु. ५ किलोओहमचे प्लग ठिणगीची टिकटिक कमी करतात. डिझेल गाडीत हे कारण संभवत नाही. नंतर बसविलेले एलईडी हेडलाइट, डॅशकॅम व स्वस्त यूएसबी चार्जर एफएम बुडवतात. त्यांच्या वायरीवर, उपकरणालगत फेराइटची (चुंबकीय चिनी मातीसारख्या पदार्थाची) कडी चढवल्याने थोडा फरक पडतो; उपकरण बदलणे बहुधा अधिक परिणामकारक ठरते. विद्युत् मोटारींत आल्टरनेटर नसतो. १२ व्होल्टांचा पुरवठा डीसी-डीसी परिवर्तकातून होतो, त्यामुळे फेऱ्यांबरोबर चढणारी आल्टरनेटरची शिट्टी तिथे आढळत नाही.