शेतीसंरक्षणाच्या बंदुकीचा परवाना: अर्ज, कागदपत्रं आणि घरातलं शिसं

काजू-नारळाच्या बागेत रात्री डुकरं शिरली की सकाळी काय उरतं, हे सिंधुदुर्गातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणूनच आपल्याकडे अजून कितीतरी घरांत ठासणीची बंदूक आहे. नळीच्या तोंडातून दारू, मग शिशाचे छर्रे किंवा गोळी, गजाने ठासायचं आणि वर केप, म्हणजे घोडा आदळला की ठिणगी पाडणारी छोटी टोपी. तयार काडतूस नाही, बार घरीच भरायचा. त्यामुळे शिसं आणि दारू डब्यात, फळीवर, कोनाड्यात पडून असते, आणि परवाना फक्त बंदुकीचा असतो अशी समजूत घट्ट बसली आहे. ती चुकीची आहे. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम २मधल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भागही येतात. म्हणून अर्ज करतानाच शिशाचा आणि दारूचा विचार करा.

आधी हक्काचं बोलू, कारण बरेच जण कचेरीत उगाच घाबरत जातात. कलम १३(३) नीट वाचा. पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली, तर कलम १४मधली नकाराची कारणं नसताना परवाना दिलाच पाहिजे, अशी त्याची भाषा आहे. ठासणीची पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर साध्या नळीची (आतून पीळ नसलेली) दुसरी बंदूकही देता येते. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावर नकार देता येत नाही. दोन एकरवाल्यानेही हे लक्षात ठेवावं.

वय २१ पूर्ण हवं. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, तर ती संपल्यावर पाच वर्षं अर्जाचा उपयोग नाही.

अर्ज शस्त्र नियम २०१६च्या नमुना ए-१मध्ये, जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात करायचा. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत असाल तर आयुक्तांकडे. सोबत फोटो, आधार, राहण्याचा पुरावा, जन्मतारखेसाठी जन्माचा किंवा शाळा सोडल्याचा दाखला, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि शस्त्र घरात सुरक्षित ठेवण्याची हमी. शेतीसंरक्षणाच्या अर्जाचा कणा मात्र सातबारा आणि आठ-अ. सातबारावर नाव आजोबांचंच असेल तर फेरफार आधी करून घ्या, अर्ज नंतर. नुकसानीचे पंचनामे झाले असतील तर त्यांच्या प्रती जोडा. तेवढ्या कागदांनी ‘खरंच गरज आहे का’ हा प्रश्न बराचसा सुटतो.

मग अर्ज पोलीस ठाण्याकडे चौकशीला जातो. अहवाल ठरलेल्या मुदतीत आला नाही, तर त्याची वाट न पाहता निर्णय घेण्याची मुभा परवाना अधिकाऱ्याला कायद्यानेच दिली आहे. रखडलेल्या अर्जाचं स्मरणपत्र देताना कलम १३चा हा भाग शब्दशः लिहा. नकार आला तर कारणं लेखी मागा आणि ३० दिवसांच्या आत अपील करा. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर ते विभागीय आयुक्तांकडे जातं. परवाना मिळाला की मुदत पाच वर्षं. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या दोन महिने आधीच टाका.

परवाना हातात आला की दारूगोळ्याची नोंद पाहा: एका वेळी किती जवळ ठेवायचा, वर्षभरात किती घ्यायचा. साठा त्या आकड्याच्या आतच हवा. ‘शिसं काय, जाळ्याच्या वजनाचंही असतं’ हा बचाव ओतलेल्या गोळ्यांनी भरलेल्या डब्यापुढे टिकणं अवघड आहे. दारूगोळा तयार करायला कलम ५चा वेगळा परवाना लागतो, आणि त्याविना तयार केल्यास २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांची शिक्षा आहे. म्हणून घरी साचा आणून गोळ्या ओतण्याआधी, किंवा वापरलेली काडतुसं पुन्हा भरण्याआधी, परवाना शाखेला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. छर्रे परवानाधारक दुकानातून घेऊन पावती परवान्यासोबत ठेवणं, हाच मला सगळ्यात निर्धास्त मार्ग वाटतो.

आता शिसं ठेवायचं कसं. आपल्या पावसाळ्यात कच्च्या लाकडाच्या पेटीत ठेवलेल्या शिशावर पांढरी भुकटी चढते. लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफा शिसं खातात, त्याची ही भुकटी, आणि ती विषारी आहे. तेव्हा घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, आत कोरडं ठेवा, बाहेर ‘शिसं’ असं ठळक लिहा. डबे लहानच बरे. शिसं पाण्याच्या अकरापटीहून जड, फळी मोडायला वेळ लागत नाही. दारू आणि केपा शिशाजवळ नकोत, एकमेकांजवळही नकोत, आणि चुलीपासून तर लांबच. सगळं कुलपात. शिशाला हात लावला की साबणाने हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नका. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिसं फार थोड्या प्रमाणातही घातक ठरतं, म्हणून त्या डब्याशी पोरांना खेळू देऊ नका.

परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. पिकाची नासाडी करणारं रानडुक्कर मारायचं तरी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२च्या कलम ११खाली वन विभागाचा लेखी आदेश हातात हवा. गव्यावर तर बंदूक रोखूच नका.

शेवटी वारसांचं. परवानाधारक वारला तर बंदूक, दारू, शिसं सगळं विलंब न करता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. दिवसकार्य उरकल्यावर बघू म्हणून बंदूक माळ्यावर राहते, महिने जातात, आणि घरातल्यांवर विनापरवाना शस्त्राचा गुन्हा ओढवतो. जमा करताना पोच घ्या, मग बाकीच्या वारसांची ना-हरकत जोडून आपल्या नावाने अर्ज करा. वडील हयात असतानाही हे जमतं: त्यांचं वय ७० झालं असेल किंवा बंदूक २५ वर्षं त्यांच्याकडे असेल, तर त्यांच्या संमतीने वारसाला अर्ज करता येतो. वडिलांची सही मिळते आहे तोवरच हे करून घ्या.