‘तीच पित्ताची गोळी द्या’ म्हणण्याआधी
ज्येष्ठ ग्राहक आणि त्यांच्या घरच्यांसाठी माहितीपत्रक

पित्ताच्या गोळीने विसरायला होतं का, हा प्रश्न आमच्या औषधांच्या दुकानाच्या काउंटरवर रोज कोणी ना कोणी विचारतं. कोणाला मोबाइलवर मजकूर आलेला असतो, कोणाच्या मुलीने कुठे तरी वाचलेलं असतं. काही जण विचारतही नाहीत. परस्पर गोळी बंद करतात आणि चार-पाच दिवसांत छातीतली जळजळ घेऊन परत येतात. संध्याकाळच्या गर्दीत हे सगळं नीट समजावून सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक काढलं. घरी निवांत वाचा. आई-वडिलांची औषधं तुम्ही नेत असाल तर त्यांनाही वाचून दाखवा.

पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल, ओमेप्राझोल, इसोमेप्राझोल ही सगळी एकाच जातीची औषधं. जठरात आम्ल सोडणारे पंप ती बंद पाडतात. २०१६ साली जर्मनीत ७५ वर्षांवरच्या ७३ हजारांहून जास्त लोकांच्या विम्याच्या नोंदी तपासल्या, तेव्हा या गोळ्या नियमित घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश जास्त आढळला. २०२३ साली अमेरिकेतल्या एका पाहणीत ४.४ वर्षांहून जास्त काळ गोळी घेतलेल्यांबद्दल तसंच दिसलं. मोबाइलवर फिरणारे मजकूर यांवरच बेतलेले असतात. पण नोंदी चाळून केलेल्या अशा पाहण्यांत एक अडचण असते. रोज गोळी घेणाऱ्या माणसाला मुळातच बाकीचे आजार जास्त असतात, त्याची इतर औषधंही जास्त असतात, मग दोष नेमका कोणाचा हे वेगळं काढता येत नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेली चाचणी वेगळ्या पद्धतीची होती. हृदयाचा किंवा पायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या १७,५९८ जणांपैकी निम्म्यांना पॅन्टोप्राझोल ४० दिली, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. सुमारे तीन वर्षांनी दोन्ही गटांत स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत फरक दिसला नाही. स्मृतिभ्रंशासाठी तीन वर्षं हा काळ कमीच, त्यामुळे विषय संपला असं आम्ही म्हणणार नाही. पण घाबरून गोळी टाकून द्यावी असंही यात काही नाही.

आम्हाला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि ती रोज काउंटरवरच घडते.

कापलेली स्ट्रिप आणि ‘तीच द्या’

बरेच जण दोन गोळ्या उरलेला स्ट्रिपचा तुकडा घेऊन येतात. त्यावर नावाची पहिली दोन अक्षरं असतात, बाकीचं नाव कापलेल्या भागाबरोबर गेलेलं असतं. पित्ताच्या गोळ्यांत हा तुकडा फसवा ठरतो, कारण एकाच नावाच्या तीन-चार गोळ्या मिळतात आणि फरक असतो शेवटच्या बारीक अक्षरांत. नुसती गोळी म्हणजे पॅन्टोप्राझोल ४०. पुढे ‘डी’ असेल तर सहसा त्यात डॉम्पेरिडोन हे मळमळ थांबवणारं औषध असतं. ‘एल’ किंवा ‘एलएस’ असेल तर बहुधा लेव्होसल्पिराइड ७५ असतं.

हे लेव्होसल्पिराइड मळमळ आणि पोट जड वाटण्यासाठी थोड्या दिवसांकरता ठीक आहे. पण ते मेंदूतल्या डोपामिनचं, म्हणजे हालचाली सुरळीत ठेवणाऱ्या रसायनाचं, काम अडवतं. साठीनंतर ते महिनोन् महिने चालू राहिलं तर हात थरथरतात, पावलं लहान पडतात, चेहरा निर्विकार होतो, बोलणं-उठणं मंदावतं. घरच्यांना वाटतं वय झालं, आजोबा हरवल्यासारखे वागतात. मग कंपवाताची तपासणी सुरू होते आणि मूळ गोळी मात्र रोज सकाळी चालूच असते. वेळीच लक्षात आलं आणि डॉक्टरांनी ती बंद केली, तर बहुतेकांना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतार पडतो. डॉम्पेरिडोनची गोष्ट वेगळी. साठीवरच्यांत त्याने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, म्हणून तेही मनाने वर्षभर घ्यायचं औषध नाही.

‘गॅस आणि कळ’ यासाठी काही जण क्लोरडायझेपॉक्साइड, क्लिडिनियम आणि डायसायक्लोमिन एकत्र असलेली कॅप्सूल मागतात. पित्ताचीच आहे असं समजून मागतात. यातलं पहिलं गुंगी आणणारं, बाकीची दोन तोंड कोरडं करणारी आणि लघवी अडवणारी. सत्तरीच्या माणसाला यातून दिवसाउजेडी गोंधळल्यासारखं होऊ शकतं, रात्री बाथरूमला उठताना तोलही जातो.

म्हणून आम्ही तुकडा पाहून गोळी देत नाही, चिठ्ठी मागतो. केईएम रुग्णालयाचा केसपेपर असो की घरच्या डॉक्टरांची चिठ्ठी, मोबाइलवरचा स्पष्ट फोटोही आम्हाला बघायला पुरतो. ‘बाजूचा लगेच देतो’ असं ऐकावं लागतं, तरी आमची पद्धत हीच राहील. सुट्या गोळ्या देताना नाव, बॅच आणि मुदत असलेली बाजू आम्ही शेवटपर्यंत राखून ठेवतो. तुम्हीही घरी गोळ्या दुसऱ्या टोकाकडून काढा.

बी १२ कडे लक्ष द्या

अन्नातलं बी १२ जीवनसत्त्व प्रथिनांना चिकटलेलं असतं. ते सुटायला जठरातलं आम्ल लागतं. दोन वर्षांहून जास्त काळ गोळी चालू असणाऱ्यांत बी १२ ची कमतरता जास्त आढळते. त्यात माणूस शाकाहारी असेल आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिनही चालू असेल, तर तीन बाजूंनी गळती. आपल्या भागात असे कितीतरी काका-काकू आहेत. तळपायाला मुंग्या, जीभ लाल आणि चुरचुरणारी, तोंड धुताना डोळे मिटले की तोल जाणं, चिडचिड, विसरणं ही त्याची लक्षणं. हिमोग्लोबिन चांगलं असलं म्हणून बी १२ चांगलं असेलच असं नाही. ही कमतरता भरून निघते, पण वर्षानुवर्षं तशीच राहिली तर नसांचं नुकसान पूर्ण भरत नाही.

यात एक चूक नेहमी होते. लोक आधी इंजेक्शन किंवा गोळ्या सुरू करतात आणि मग रक्त देतात. आकडा वर दिसतो आणि निदान चुकतं. आधी तपासणी करा. साधारण २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता धरतात, २०० ते ३०० मध्ये डॉक्टर पुढच्या तपासण्या सांगू शकतात. पित्ताच्या गोळीबरोबर लघवी वाढवणारी गोळीही चालू असेल आणि पायात वांब येत असतील, तर त्याच वेळी मॅग्नेशियम आणि सोडियमही करून घ्या. दोन्ही कमी झाले तर माणूस भांबावतो.

बंद करायची असेल तर

आधी डॉक्टरांना विचारा. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू असतील, अल्सरमधून पूर्वी रक्तस्राव झाला असेल, रोज वेदनाशामक किंवा स्टिरॉइड घ्यावं लागत असेल, तर ही गोळी पोटाचं रक्षण करते. ती मनाने थांबवणं धोक्याचं आहे.

ज्यांना बंद करता येते त्यांनी एकदम करू नये. पंप बरेच दिवस दाबून ठेवले की शरीर आम्ल वाढवायची तयारी करून बसतं. गोळी सुटली की काही आठवडे आम्ल उसळतं आणि ‘माझं गोळीशिवाय चालत नाही’ असा समज पक्का होतो. डॉक्टर सहसा ४० ची २० करतात, काही आठवड्यांनी दिवसाआड देतात, मग थांबवतात. मध्ये जळजळलं तर पातळ अँटासिड चालतं, फक्त इतर औषधांपासून दोन तास आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब. ४० ची गोळी तोडून २० करू नका. तिच्यावरचं आवरण तुटलं की औषध जठरातच नासतं. २० ची वेगळी गोळी मिळते.

जी चालू राहणार आहे तीही नीट घ्या. सकाळच्या चहा-नाश्त्याआधी अर्धा ते एक तास, पाण्याबरोबर. नाश्त्यानंतर घेतली तर फायदा कमी होतो आणि मग लोक दिवसाला दोन मागतात. मुलगा लोकलने घरी येईपर्यंत थांबून दहाला जेवायचं आणि साडेदहाला आडवं व्हायचं, याला गोळीचाही इलाज नाही. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली सहा इंचांचे ठोकळे लावा. जमिनीवर गादी असेल तर उतरती उशी वापरा. ती आमच्याकडे मागवून मिळते.

दुपारी दोन ते चार दुकानात गर्दी नसते. घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी, आयुर्वेदिक चूर्णांसकट, घेऊन या. कोणती गोळी किती दिवस चालू आहे, कोणत्या दोन गोळ्यांत एकच औषध आहे, हे पाहून आम्ही एका कार्डावर लिहून देतो. त्याचे पैसे घेत नाही. ते कार्ड पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. सात दिवसांचे गोळ्यांचे डबे दुकानात आहेत, आणि बी १२ साठी घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबची वेळ आम्ही ठरवून देतो. जिना उतरता येत नसेल तर चिठ्ठीचा फोटो पाठवा. औषध पोचवताना मूळ चिठ्ठी पाहिली जाईल, तेवढी हाताशी ठेवा.