गोव्यात कालवड वाढवायची राहून का गेली?

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या डिचोलीकडच्या वाड्यावर गोरवांना आंघोळ घालतात, गळ्यात झेंडूच्या माळा पडतात. गेल्या पाडव्याला मी सहज मोजलं. दुभत्या गाई अकरा, त्यातली इथल्याच गोठ्यात जन्मून वाढलेली एक. बाकी दहा बेळगाव, कोल्हापूर, सांगलीकडून टेम्पोत बसून आलेल्या. एकीला तर अजून कोकणीतली हाक कळत नाही, असं तिचा मालक हसत सांगतो.

बीफचीही हीच गत. गोवा बीफ खाणारं राज्य म्हणून ओळखलं जातं, पण मांसासाठी गुरं पैदा करायचा धंदा इथं कधी रुजलाच नाही. उसगावच्या कत्तलखान्यातली जनावरंही बहुतेक शेजारच्या राज्यांतलीच. डिसेंबर २०२० मध्ये कर्नाटकाने गोहत्येचा कायदा कडक करायला घेतला आणि ऐन नाताळात इथल्या खाटकांची दुकानं ओस पडली. आपलं ताट कुठून भरतं, हे तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा कळलं.

जुन्या काळी कालवड वाढवावी लागतच नसे, ती वाढायची. घरची गाय असे ती नांगराचे बैल देण्यासाठी. दूध चहापुरतं निघालं तरी बास. पेडणे, सत्तरी, सांग्याकडे गावची गुरं गुराख्याबरोबर डोंगरावर जायची. भात कापल्यावर शेतं मोकळी, घरी आलं की पेंढा आणि उरलीसुरली पेज. अशी कालवड तीन वर्षांनी माजावर यायची, चार उलटल्यावर विणार. कुणालाच घाई नसे. वळू गावचाच, तिच्याच अंगलोटाचा, त्यामुळे वासरू लहान आणि सुटका सोपी. रानातच व्याली आणि संध्याकाळी वासरू घेऊन दारात उभी राहिली, असं माझी आजी कौतुकाने सांगे. त्याच गुरांतल्या नखशिखांत पांढऱ्या गाईंची पुढे 'श्वेत कपिला' म्हणून स्वतंत्र जात नोंदली गेली. दिवसाला सरासरी पावणेतीन किलोच्या आसपास दूध, पण पाच टक्क्यांवर स्निग्धांश.

मुक्तीनंतर, म्हणजे १९६१ नंतर, हिशेब बदलला. शहरं वाढली, दूध विकायची वस्तू झाली. कृत्रिम रेतन आलं, जर्सी आणि होल्स्टीन आले. १९८४ मध्ये फोंड्याजवळ कुर्टीला दूध उत्पादकांचा सहकारी संघ उभा राहिला. दरम्यान चरायची जागा आटत गेली: कुठे खाण, कुठे काजूची बाग, कुठे नुसतंच कुंपण. नांगर गेला, पॉवर टिलर आला. कालवडीचं फुकटचं खाणं संपलं. आता दोन-अडीच वर्षं विकतचा खुराक घालायचा आणि मग पहिला थेंब. उलट कामधेनू योजनेत दुभती गाय विकत आणायला अनुदान. शेतकऱ्याने काय करावं? वासरं वाढवायलाही सरकारी मदत आली, पण आज दूध देणारी गाय दारात उतरत असताना दोन वर्षं वाट कोण पाहणार? माझ्या मते खरी गोम इथेच आहे. कालवड महाग पडते हे खरं, पण ती महाग पडावी अशीच ही सगळी घडी बसत गेली.

घरची कालवड ठेवलीच, तर धास्ती पहिल्या वेताची. आमच्याकडे एकदा लहान चणीच्या गाईला मोठ्या अंगाच्या होल्स्टीन वळूच्या रेताची कांडी भरली. नऊ महिने सगळे खुशीत. रात्री दीडला पाणमोट फुटली, दोन खूर दिसले आणि पुढे काहीच नाही. डॉक्टर येईपर्यंत साडेतीन. त्यांनी कोपरापर्यंत हात घातला, डोकं सरळ केलं, खुरांच्या वर दोरी बांधली. गाय कळ देईल तेव्हाच ओढायचं, तेही खाली, तिच्या खुरांच्या दिशेने. गाय वाचली, वासरू गेलं. "काका, कांडी भरायच्या आधी गाईकडे बघायचं," एवढंच ते म्हणाले. डोंगराळ नि किनारी भागात होल्स्टीनपेक्षा जर्सी बरी म्हणतात, त्यात उष्णता सोसण्याइतकाच हाही, म्हणजे लहान वासराचा, भाग आहे.

पहिलं वेत सुखरूप पार पाडायची विद्या सर्वांत बारकाईने घासूनपुसून ठेवली ती मांसासाठी गाई पाळणाऱ्या देशांनी. अमेरिका-कॅनडात गाईपासून वर्षाला मिळतं ते एक वासरू, तेवढीच कमाई. म्हणून कालवड पूर्ण वाढीच्या वजनाच्या साठ-पासष्ट टक्क्यांवर पोचली की गाभण करायची, दोन वर्षांची होता होता ती व्याली पाहिजे, आणि पहिल्या वेतासाठी वळू निवडायचा तो वासरं हलकी देणारा. पहिलारू गाई जुन्या गाईंच्या दोन-तीन आठवडे आधी विताव्यात असं गणित बसवतात, म्हणजे लक्ष द्यायला हात मोकळे असतात. मॅनिटोबातल्या गस कोनेफाल नावाच्या पशुपालकाच्या ध्यानात आलं, की चारा रात्री उशिरा घातला तर पुष्कळ गाई दिवसा वितात. पुढे संशोधकांनाही तसंच आढळलं.

आमच्याकडे खुराकाची वेळ दूध काढण्याला बांधलेली, पहाटे आणि दुपारी. पण गाभण कालवड कुठे दूध देते? यंदा घरच्या कालवडीला शेवटचा महिनाभर वैरण रात्री नऊनंतर घातली. ती व्याली दुपारी तीनला, सगळे जागे असताना, तासाभरात, कुणाचा हात न लागता. एका गाईवरून काही सिद्ध होत नाही, हे कळतं.

वासरू मात्र पाडा निघाला. जुन्या काळी याचा आनंद झाला असता, बैल मिळाला म्हणून. आता जुंपायला नांगर नाही, आणि गोव्याच्या १९७८ च्या गोहत्याबंदी कायद्याने गाय या शब्दात कालवड नि वासरूही धरलेलं. तो अंगणात बांधलेला आहे, चीक पिऊन पिऊन जाडा झालाय. पुढच्या माजाला मादी वासरू देणारी कांडी हवी, असं दवाखान्यात आधीच सांगून ठेवलंय.