कॅलिफोर्नियात हरितगृह वायूंचा नियम बदलून हवा असेल तर अर्ज कुठे आणि कसा करायचा?

अर्ज लिहायला घेण्याआधी एक ठरवा: तुम्हाला हवा असलेला बदल नियमात बसतो, की त्यासाठी कायदाच बदलावा लागेल? उत्सर्जन किती कमी करायचे हे विधिमंडळ ठरवते. २००६ च्या 'एबी ३२' कायद्याने २०२० पर्यंत १९९० च्या पातळीवर यायला सांगितले. २०१६ च्या 'एसबी ३२'ने २०३० पर्यंत त्याच्याही किमान ४० टक्के खाली. ते कसे साधायचे, याचे नियम एअर रिसोर्सेस बोर्ड (राज्याचे हवा-प्रदूषण नियंत्रण मंडळ) करते. उद्दिष्टच बदलायचे असेल तर बोर्डाकडे जाऊन उपयोग नाही, आपल्या भागाच्या आमदाराला गाठा.

नियमाबाबतचा अर्ज बोर्डाकडे कोणीही 'हितसंबंधित व्यक्ती' करू शकते. कायद्यात नागरिकत्वाची अट नाही, त्यामुळे बे एरियात व्हिसावर राहणाऱ्या आपल्या मंडळींनाही तो करता येतो.

ठरलेला छापील नमुना लागत नाही, पण तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्या लागतात: कोणता नियम करावा, बदलावा किंवा रद्द करावा, का, आणि तसे करण्याचा अधिकार बोर्डाला कुठल्या कायद्याने दिला आहे. माझ्या मते अर्जाचा सगळा जीव या तिसऱ्या बाबीत आहे. 'प्रदूषण फार वाढले आहे' एवढ्याने भागत नाही. 'आरोग्य व सुरक्षा संहितेच्या कलम ३८५६० नुसार बोर्डाला हा अधिकार आहे' असे कलमासकट लिहा.

हा मुद्दा किती निर्णायक ठरतो ते पाहा. बोर्ड कंपन्यांना ठरावीक प्रमाणात वायू सोडण्याचे परवाने लिलावात विकते; हा लिलाव कर नाही, असे कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले आणि बोर्डाची योजना टिकली. पेनसिल्व्हेनियात मात्र २०२३ मध्ये न्यायालयाने तशाच योजनेला कर ठरवले. कर बसवणे विधिमंडळाचे काम, म्हणून तिथला नियम अडला.

अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत बोर्डाने कारणे देऊन लेखी नकार द्यायचा असतो, नाहीतर जाहीर सुनावणी लावायची असते. नकार आला तर ६० दिवसांत फेरविचार मागता येतो.

बोर्डाने स्वतःहून मसुदा काढला असेल तर वेगळा अर्ज नको. हरकती-सूचनांसाठी किमान ४५ दिवस असतात, आणि मसुद्याबद्दल मुदतीत आलेल्या हरकतींना बोर्डाला नियमाची कारणे सांगणाऱ्या अंतिम निवेदनात उत्तर द्यावेच लागते. तिथेही कलम लिहायला विसरू नका.