आरसा, मग काच, मग परत आरसा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात पाच मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन) आत जॉब बसला की टर्नर दिवसभर खुशीत असतोय. कॉम्प्युटरची चिप बनवणारे मायक्रॉनच्या हजाराव्या भागात, म्हणजे नॅनोमीटरमध्ये बोलतात आणि रेघ काढतात ती उजेडानं. आता बातम्यांत ईयूव्ही (टोकाच्या अतिनील उजेडानं चिप छापणाऱ्या) मशीनच्या आरशांचं लय कौतुक चाललंय, पण आरसे या धंद्यात लय आधीपासून आहेत.

आधी मास्क (नक्षी काढलेली काच) थेट वेफरवर (सिलिकॉनची चकती, जिच्यावर चिप बनते) टेकवून छापायचे. त्यात मास्कला चरे पडणार, धूळ चिकटणार आणि तोच डाग पुढच्या प्रत्येक वेफरवर. १९७३ ला पर्किन-एल्मर कंपनीनं मायक्रालाइन नावाचं छपाईचं मशीन काढलं, त्यामागची आयडिया एब ऑफनरची, आणि ती एवढी साधी की बघून चिडायला होतं: एक मोठा खोलगट आरसा, समोर निम्म्या त्रिज्येचा फुगीर आरसा, दोघांचं केंद्र एकच. उजेड मोठ्यावर, मग छोट्यावर, परत मोठ्यावर आणि चित्र एकास एक. चांगलं चित्र फक्त कमानीसारख्या बारीक पट्टीत येतं, म्हणून मास्क आणि वेफर दोन्ही त्या पट्टीखालनं एकत्र सरकवायचे, झेरॉक्ससारखं. आरशाला रंगाचं काही पडलेलं नसतं, त्यामुळं पाऱ्याच्या दिव्याचे बरेच रंग एकदम चालायचे.

पण एकास एक म्हणजे मास्कवरची रेघही तेवढीच बारीक पाहिजे. १९७८ ला जीसीए कंपनीचा स्टेपर (वेफर सरकवत तुकड्या-तुकड्यानं छापणारं मशीन) आला, त्यात झाइसचं भिंग, चित्र १० पट लहान करून एकेक तुकडा छापायचा. काच प्रत्येक रंग वेगळा वाकवते म्हणून मग एकच रंग धरला, उजेडाच्या लहरीची लांबी ४३६ नॅनोमीटर, पुढं ३६५, मग लेझरचे २४८ आणि १९३.

खरी गंमत पुढं आहे. वेफर सपाट, पण भिंगाला चित्र वाटीसारखं वाकडं पाडायची सवय. ते सपाट करायला उजेड गोळा करणाऱ्या भिंगांमधे पसरवणारी भिंगं घालावी लागतात, म्हणजे आत उजेड फुगतोय, कंबरेत आवळतोय, परत फुगतोय, आणि रेघ बारीक करायला एनए (उजेड गोळा करायचा कोन समजा) वाढवत नेला की भिंगं अवाढव्य होत जातात. खोलगट आरसा मात्र उजेड गोळा करतोच, वर वाकडेपणा उलट्या बाजूला देतो, म्हणजे भिंगाचा दोष फुकटात कापला जातो.

मग आधीच का नाही घातला? आरसा उजेड आल्या वाटेनं परत पाठवतो ना. अंबाबाईच्या किरणोत्सवात कसं, वाटेत एखादं बांधकाम आडवं आलं की किरणं तिथंच अडली, तसं. मायक्रास्कॅन नावाच्या छपाई मशीनमध्ये प्रिझमचा ठोकळा घालून वाट वळवलेली. नंतर मधला भाग सोडून बाजूचीच पट्टी वापरायची शक्कल निघाली, म्हणजे फिरून ऑफनरच्याच दारात. भिंग आणि वेफरच्या मधे पाणी भरून २००७ च्या सुमारास १.३५ एनए गाठला तो असल्याच आरसा-भिंग मिसळीवर.

ईयूव्हीच्या १३.५ नॅनोमीटरला काच आणि हवा दोन्ही उजेड गिळतात. म्हणून तिथं व्हॅक्यूम, आणि मॉलिब्डेनम-सिलिकॉनच्या थरांचे नुसते आरसे. एक आरसा जास्तीत जास्त ७० टक्क्यांच्या आसपास परत देतो, सहा आरशांनंतर उरतो जेमतेम १२ टक्के. ०.५५ एनएच्या नव्या मशीनमध्ये चित्र एका दिशेला ४ पट आणि दुसऱ्या दिशेला ८ पट लहान होतं, कारण तिथं मास्कसुद्धा आरसाच, आणि त्यावर येणारा न् परत जाणारा उजेड एकमेकांच्या अंगावर यायला लागलेला. परत तीच वाटेची भानगड.